टेम्पमध्ये लिहिलं, रिनेम मारलं, म्हणून फाइल सेफ झाली असं होत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मेसेज असा: "चालू फाइल बदलायची असेल तर टेम्प फाइलमध्ये लिहा आणि जुन्या नावावर रिनेम मारा. रिनेम अ‍ॅटॉमिक असतं, लाईट गेली तरी फाइल सेफ. नाव तेच राहतं म्हणजे परमिशनसकट सगळं तेच राहतं. टेम्प फाइल कुठेही बनवा. एफसिंक लावू नका, सर्व्हर उगाच स्लो होतो." (टेम्प म्हणजे तात्पुरती फाइल, आणि एफसिंक म्हणजे रॅममधला डेटा डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल.)

थेट जुनी फाइल उघडून, आतलं पुसून, वरून लिहिण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी, ते आधीच मान्य करतो. पण या मेसेजमधली बाकीची जवळजवळ सगळी वाक्यं चुकीची आहेत, आणि नवीन पोरं तशीच्या तशी कोडमध्ये टाकताहेत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"लाईट गेली तरी सेफ." नाही. रिनेम अ‍ॅटॉमिक आहे म्हणजे काय, तर चालू सिस्टीमवर दुसऱ्या कुठल्या प्रोसेसनं ती फाइल उघडली तर त्याला एकतर पूर्ण जुनी मिळेल नाहीतर पूर्ण नवीन, अर्धवट मिळणार नाही. बस, एवढंच. लाईट गेल्यावर डिस्कवर काय उरलेलं असेल याची हमी त्यात नाहीच, कारण तुम्ही राइट केलेला डेटा बराच वेळ रॅममध्येच बसून असतो, आणि नावाचा बदल डिस्कवर आधी पोचला, डेटा पोचायच्या आत मशीन बंद पडलं, तर सकाळी फाइल जागेवर असते, नाव बरोबर असतं आणि साइज शून्य. ही काल्पनिक भीती नाही, २००९ मध्ये ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) नवीन नवीन वापरायला लागलेल्या लोकांना क्रॅशनंतर डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली अशाच रिकाम्या मिळाल्या होत्या. मग लिनक्स कर्नल २.६.३० मध्ये सोय केली की जुन्या फाइलवर रिनेम झालं तर डेटा आधी डिस्कवर ढकलायचा. पण ती त्या फाइलसिस्टीमनं घेतलेली काळजी आहे, माउंट करताना बंदही करता येते, आणि दुसऱ्या फाइलसिस्टीमनं तसंच वागावं असा नियम कुठेच नाही.

त्यात आपल्याकडची परिस्थिती बघा ना. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, दुपारी लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि रावेर-सावद्याकडे केळीवाल्याच्या ऑफिसात बिलिंगच्या मशीनला जो युपीएस आहे त्याची बॅटरी कधीची बसलेली. इथं एफसिंक काढून टाका म्हणून सांगणं मला खरंच पटत नाही. क्रम साधा आहे: टेम्प फाइलमध्ये लिहा, तिच्यावर एफसिंक करा, त्याचा रिझल्ट तपासा (एरर आली तर तिथंच थांबा, रिनेम करूच नका), मग रिनेम, आणि मग ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे त्या फोल्डरवरही एफसिंक, कारण नावाची नोंद फोल्डरमध्ये असते. स्लो होण्याचं म्हणाल तर सेकंदाला हजारो छोट्या फाइली बदलणाऱ्या सिस्टीमला जड जाईल, त्यांनी डेटाबेस वापरावा. दिवसातून चार वेळा सेव्ह होणाऱ्या कॉन्फिग फाइलला काय फरक पडतो?

आता "परमिशनसकट सगळं तेच राहतं", ज्यावर मला जास्त बोलायचंय. परमिशन, मालक, ग्रुप हे सगळं नावाला चिकटलेलं नसतं, ते आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलच्या खऱ्या नोंदीला, चिकटलेलं असतं. तुमची टेम्प फाइल म्हणजे नवा आयनोड, आणि रिनेम केल्यावर जुन्या नावानं तो नवा आयनोड दिसायला लागतो, जुन्याचं सगळं जुन्याबरोबर गेलं. नवीन सातबारा लिहिताना वरचं नाव तेवढं उतरवलं आणि इतर हक्काचा रकाना कोरा सोडला तर विहिरीतल्या हिश्श्याचं काय होईल, तोच प्रकार.

विश्वास नसेल तर स्वतः करून बघा. एक फाइल घ्या, मोड ६४० करा (मालकाला वाचायला-लिहायला, ग्रुपला नुसतं वाचायला, बाकीच्यांना काही नाही), सेटएफएसीएल कमांडनं एखाद्या युजरला वाचायची वेगळी परवानगी द्या, आणि एलएस -एलआय मारा. ओळीत सगळ्यात आधी आयनोड नंबर दिसेल आणि परमिशनच्या अक्षरांच्या शेवटी एक अधिकचं चिन्ह (+) दिसेल, ते एसीएल (युजरवार दिलेली वेगळी परवानगी) असल्याची खूण. आता मेसेजमध्ये सांगितलंय तसं टेम्प बनवून रिनेम करा आणि पुन्हा तीच कमांड द्या. नंबर बदललेला, अधिकचं चिन्ह गायब, आणि मोड एकतर ६००, म्हणजे फक्त मालकाला (टेम्प फाइल बनवणाऱ्या एमकेएसटेम्प फंक्शननं बनवली असेल तर) नाहीतर तुमच्या युमास्कप्रमाणे (नव्या फाइलची परमिशन ठरवणारी सेटिंग) जे येईल ते, म्हणजे बऱ्याच ठिकाणी ६४४, सगळ्यांना वाचता येणारी. ६०० झाली तर सर्व्हिसला वाचता येणार नाही, ती बंद पडेल आणि निदान कळेल तरी. ६४४ झाली आणि आत डेटाबेसचा पासवर्ड असला तर तो मशीनवरच्या प्रत्येक युजरला उघडा, आणि कुणाला पत्ताच नाही. स्क्रिप्ट रूटनं (सिस्टीमच्या सर्वाधिकारी युजरनं) चालवली असेल तर मालकही रूट होऊन बसतो, ते वेगळंच.

"मग शेवटी सीएचमॉड मारून टाकू" असं त्याच मेसेजच्या खाली कुणीतरी जोडलंय (सीएचमॉड म्हणजे परमिशन बदलणारी कमांड). रिनेमच्या नंतर मारला तर मधला थोडा वेळ फाइल चुकीच्या परमिशननं उघडी राहते, म्हणजे अ‍ॅटॉमिकपणा आपल्याच हातानं घालवला. जे लावायचं ते टेम्प फाइलवर, रिनेमच्या आधी. आणि क्रमही महत्त्वाचा: आधी सीएचओन (मालक बदलणारी कमांड), मग सीएचमॉड, कारण लिनक्सवर मालक बदलला की एक्झिक्युटेबल फाइलचा सेटयुआयडी बिट (प्रोग्राम मालकाच्या अधिकारानं चालवणारी खूण) निघून जातो, सेटकॅपनं दिलेली कॅपॅबिलिटी (रूटचा एखादा सुटा अधिकार) सुद्धा जाते. त्यानंतर एसीएल आणि बाकीचे एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलला जोडलेली जादा माहिती).

"टेम्प फाइल कुठेही बनवा" हेही चुकीचंच. रिनेम एकाच फाइलसिस्टीमच्या आत चालतं. फेडोरात कितीतरी वर्षांपासून आणि डेबियन १३ पासून टीएमपी फोल्डर डीफॉल्टनं रॅममध्ये असतो, तिथून रिनेम केलं की सरळ ईएक्सडीईव्ही (फाइलसिस्टीम वेगळी आहे) एरर. एमव्ही कमांड वापरली तर ती गुपचूप कॉपी करते, म्हणजे अ‍ॅटॉमिक वगैरे काही उरलंच नाही. शिवाय एसई-लिनक्स (फाइलींना लेबल लावून कोण वाचणार ते ठरवणारी सुरक्षा) चालू असेल तर टीएमपीचं लेबल घेऊनच फाइल येते आणि वेबसर्व्हरला ती वाचता येत नाही, परमिशन बघावी तर एकदम बरोबर, माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो. टेम्प फाइल त्याच फोल्डरमध्ये बनवा.

मेसेजमध्ये लिंकचं नावच नाही. एनजिनएक्स वेबसर्व्हरच्या साइट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये सहसा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतात, खरी फाइल साइट्स-अव्हेलेबलमध्ये. तिथं सेड -आय (फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) मारलं की ते आतून टेम्प आणि रिनेमच करतं, सिमलिंकच्या जागी साधी फाइल येऊन बसते आणि खरी फाइल जुनीच राहते, पुढं कुणी खरी फाइल बदलली तरी साइटवर काहीच दिसत नाही. सेडला फॉलो-सिमलिंक्सचा ऑप्शन आहे, तो द्या. स्वतःच्या कोडमध्ये आधी लिंकचा खरा पत्ता काढा आणि त्या फोल्डरमध्ये काम करा. हार्डलिंक (एकाच आयनोडला दोन नावं) असेल तर दुसऱ्या नावाला जुनाच मजकूर राहतो, बॅकअपमध्ये कधी कधी हेच हवं असतं, म्हणून तिथं सरसकट चूक म्हणणार नाही. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायची सोय) बाहेरची एकच फाइल आत जोडली, म्हणजे बाइंड माउंट केली असेल तर बाहेर रिनेम केलेलं आत दिसत नाही, आत जुना आयनोडच धरून ठेवलेला असतो, त्यामुळे फोल्डर माउंट करा.

विंडोजवाल्यांना यासाठी रिप्लेसफाइल नावाचं वेगळं फंक्शनच आहे, ते जुन्या फाइलची एसीएल, क्रिएशन टाइम, एन्क्रिप्शन हे नव्या फाइलवर चढवतं. साधं मूव्ह ते करत नाही.

राहिला प्रश्न, साध्या युजरनं चालवलेल्या प्रोग्रामला दुसऱ्याच्या मालकीची फाइल बदलायची असेल तर? सीएचओन फेल होणार, रूट नसताना मालकी देताच येत नाही. विम एडिटर अशा वेळी डीफॉल्टनं रिनेमचा नाद सोडतो, आधी बॅकअप कॉपी काढतो आणि मूळ फाइलवरच लिहितो, म्हणजे मालकी टिकते, मात्र मधेच लाईट गेली तर मूळ फाइल अर्धवट आणि आधार त्या कॉपीचा. तुमच्या प्रोग्राममध्येही हा निर्णय तुम्हाला घ्यावाच लागेल, आणि कॉपी घेऊन वरून लिहायचं जमत नसेल तर सरळ एरर देऊन थांबा, सीएचओनची एरर गिळून रिनेम पुढं रेटू नका.