दोन मशीन कशाला? या प्रतिक्रियेला माझं उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी परत शांतपणे वाचली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. मी लिहिलं होतं की क्विल्टिंग (कापडाचे तुकडे जोडून, थर एकत्र शिवून पांघरूण करणं) आणि एम्ब्रॉयडरी दोन्ही मनापासून करायचं असेल तर लाखाच्या पुढचं, शिवण आणि एम्ब्रॉयडरी दोन्ही करणारं एकच कॉम्बो घेण्यापेक्षा दोन वेगळी मशीन घ्या. त्यावर तुम्ही म्हणता की फ्लॅटमध्ये दोन मशीन ठेवायची कुठे, आता क्विल्टिंगसुद्धा हुपात (एम्ब्रॉयडरीच्या चौकटीत) होतं मग थ्रोट स्पेसचा (सुईच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेचा) एवढा बाऊ कशाला, तुमच्या कॉम्बोला ५०० टाके आणि ९ मिमीचा झिगझॅग आहे आणि मी मात्र फक्त सरळ शिवणाऱ्या मशीनचं कौतुक करते, आणि आपल्या आज्यांना तर हातसुई पुरायची. शेवटी मुलगी न्यू जर्सीहून येताना दुसरं मशीन घेऊन येतेय, तिथे स्वस्त पडतं, असंही लिहिलंय. आणि या सगळ्यात मध्येच एक ओळ आहे, ‘तुकडे जोडताना कोपरे आत ओढले जातात पण तो माझ्या हाताचा दोष.’ त्या ओळीसाठी खरं तर मी एवढं लिहायला बसलेय, तिच्याकडे येतेच.

जागेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि तिथे मी चुकले. सगळ्यांना एकच सल्ला द्यायला नको होता. ज्यांचं काम कुशन कव्हर, टेबल रनर, बाळासाठी ३६ बाय ३६ इंचाची दुपटी आणि त्यावर नाव एवढंच आहे आणि घरात एकच टेबल आहे, त्यांनी कॉम्बो घ्यावं, त्यात काही वाईट नाही. मूळ लेखात हे आज टाकते. पण एक गोष्ट घेण्याआधी माहीत हवी. कॉम्बोवर एम्ब्रॉयडरी चालू असते तेव्हा शिवण बंद असते. २०,००० टाक्यांचं डिझाइन मिनिटाला ६०० टाक्यांनी धरलं तर नुसती सुई चालायला ३३ मिनिटं, त्यात बहुतेक घरगुती मशीनला सुई एकच, म्हणजे रंग बदलला की मशीन थांबणार, तुम्ही उठून दोरा बदलणार, आणि सात-आठ रंगांचा मोर असला की तासभर गेलाच. तेवढा वेळ क्विल्टचे तुकडे कापून पडलेले आणि जोडायला मशीन नाही. शिवाय प्रत्येक वेळी एम्ब्रॉयडरी युनिट लावा, काढा, फूट (कापड दाबणारा भाग) बदला, सुई बदला. म्हणून मी दोन म्हणते, आणि दोन म्हणजे दोन्ही महाग असं नाही, दुसरं साधं चालतं, घरात जुनं असेल तर तेही चालतं.

आता आजीचं. तुम्ही हे मला टोमणा म्हणून लिहिलंत पण माझ्या दृष्टीनं मशीन निवडायची सगळी शाळा तिथेच आहे. गोधडीत जुनी लुगडी, धोतरं एकावर एक पसरलेली असतात, वेगळं बॅटिंग (मध्ये घालायचा मऊ थर) नसतं, आणि बाई धावदोरा घालते तेव्हा सुई सगळ्या थरांतून एकदमच जाते, डावा हात कापड सारखा करत राहतो, त्यामुळे थर सरकत नाहीत. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीच, बघा, कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं गोल फिरत मध्यापर्यंत येतात आणि तरी पसरल्यावर सपाट बसते. मशीनला हा डावा हात नाही. मशीनचे दाते खालून फक्त खालचं कापड ओढतात, वरच्या कापडावर प्रेशर फूट दाबून बसलेला असतो, मध्ये फुगलेलं बॅटिंग, मग वरचं कापड मागे राहतं, फुटासमोर साचत जातं आणि शेवटी चुणी पडते. महागड्या मशीनमध्ये पैसे मोजायचे ते सगळ्यात आधी या एका दुखण्यावरच्या औषधासाठी. फाफ कंपनीनं वरूनही कापड ओढणारं आयडीटी १९६८ मध्ये आणलं, बर्निनाचं ड्युअल फीड, जानोमेचं ॲक्युफीड ही त्याच जातीची, आणि ते नसेल तर निदान चांगला वॉकिंग फूट, वरचं कापडही सरकवणारा. स्क्रीनवर किती टाके दिसतात हे त्यानंतर, खूप नंतर.

हुपातल्या क्विल्टिंगबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला आवडलं कारण ते खरंच होतं आणि सुंदर होतं, टाका न टाका सारखा येतो. पण हिशोब करून बघा. भारतात मिळणारं उषा जानोमेचं मेमरी क्राफ्ट ४५०ई, फक्त एम्ब्रॉयडरीचं मशीन, त्याचं मोठ्यात मोठं क्षेत्र २०० बाय २८० मिमी. सोफ्यावर घ्यायची ६० बाय ६० इंचाची क्विल्ट घेतली तर एका दिशेला ८ वेळा आणि दुसऱ्या दिशेला ६ वेळा, म्हणजे ४८ वेळा हूप आवळायचा. एकेका हुपाला जुळवणं धरून पंधरा मिनिटं जरी लागली तरी बारा तास. आणि ८ इंचाचा ब्लॉक म्हणजे २०३ मिमी, तो २०० मध्ये बसत नाही हो, तीन मिलिमीटरनं अडतं! हे घ्यायच्या आधी कोणी सांगत नाही. कॉम्बोचा सुरुवातीचा हूप १०० बाय १०० मिमीचा असला तर बोलायलाच नको. शिवाय हूप चालतो तेव्हा उरलेली क्विल्ट कुठेतरी मशीनच्या हाताखालीच गुंडाळून असते, आणि तिचं वजन हुपाला ओढत राहिलं की जोड चुकतात. म्हणजे थ्रोट स्पेस तिथेही सुटत नाही.

थ्रोट स्पेस म्हणजे सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची मोकळी जागा. साध्या घरगुती मशीनला ती सहा-साडेसहा इंच असते. ६० इंचाची क्विल्ट मध्यापासून बाहेर शिवत गेलात तर जास्तीत जास्त ३० इंच त्या जागेत गुंडाळून बसवायचं. साडेसहात ते कोंबायचं म्हणजे खांदे भरून येतात, आणि हात दुखला की टाका वेडावाकडा जातो. ज्युकी टीएल-२०१०क्यूचं मी कौतुक केलं ते याचसाठी. फक्त सरळ शिवतं हे खरंय, पण साडेआठ इंच जागा, मिनिटाला १५०० टाके, दाते खाली घेता येतात म्हणजे फ्री मोशन (हातानं कापड हवं तसं फिरवत शिवणं) करता येतं, गुडघ्यानं फूट उचलता येतो म्हणजे दोन्ही हात कापडावर राहतात. क्विल्ट जोडायला आणि भरायला बहुतेक वेळा लागतो तो सरळ टाकाच. वरच्या किमतीत १० इंच आणि त्याहून जास्त जागेची मशीन मिळतात, बर्निनाचं ७७० क्यूई त्यातलंच, आणि त्याला बीएसआर म्हणून एक फूट लावता येतो, त्यातला सेन्सर कापड किती वेगानं सरकतंय ते बघून टाक्याची लांबी सारखी ठेवतो. फ्री मोशनमध्ये ज्यांचा हात कधी घाईत कधी हळू चालतो (माझा चालतो) त्यांना हे वरदान आहे. पण घ्यायच्या आधी आपल्या गावात ते दुरुस्त कोण करतं हे विचारा, ते विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि आता ती तुमची ओळ. ताई, तो तुमच्या हाताचा दोष नसावा असं मला मनापासून वाटतं. तुमचं मशीन ९ मिमीचं आहे ना, म्हणजे झिगझॅगसाठी सुई ९ मिमी इकडेतिकडे जाते, म्हणून स्टिच प्लेटचं (सुईखालच्या धातूच्या पट्टीचं) भोकही तेवढंच रुंद आहे. त्रिकोणी तुकड्याचं टोक आणि मऊ कॉटन, सुई खाली गेली की टोक तिच्याबरोबर भोकात जातं आणि बॉबिनच्या दोऱ्यात गुंततं. त्यात दातेही एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे पाव इंचाचा अरुंद फूट लावला तर उजवीकडच्या दात्यावर दाब नीट पडत नाही आणि कापड तिरकं जातं. म्हणून तर क्विल्ट करणाऱ्या कितीतरी जणी साडेपाच मिमीचं मशीन मुद्दाम निवडतात. ज्या ९ मिमीचं तुम्ही कौतुकानं लिहिलंत ते सजावटीच्या टाक्यांना छान आहे, तुकडे जोडायला तेच आड येतंय. उपाय आहे, स्ट्रेट स्टिच प्लेट मिळते, एकच बारीक गोल भोक असतं, तुमच्या मॉडेलची मागवा. ती लावलेली असताना झिगझॅग लावू नका, सुई प्लेटवर आपटून तुटेल, कित्येक मशीनमध्ये त्यासाठी सेटिंग असतं ते चालू करून ठेवा. आणि तोपर्यंत कापडाचा एक छोटा तुकडा आधी शिवून त्याच्या मागून खरा तुकडा सरकवा, कोपरा वाचतो.

मला राग येतो तो याचा, की बाई हजारो रुपये मोजते, दुकानात तिला ५०० टाके दाखवतात, आणि घरी आल्यावर कोपरा खाल्ला गेला की ती स्वतःच्या हाताला दोष देते. त्यामुळे कोणीही घ्यायला जाणार असाल तर दुकानातल्या कडक, स्टार्च केलेल्या नमुन्याच्या कापडावर बघू नका, त्यावर कुठलंही मशीन गोड शिवतं. घरून नेलेलंच शिवा. चौकड्याचं कापड वर, चौकड्याचं खाली, मध्ये तुमचं बॅटिंग, रेघा जुळवा, टाचण्या न लावता फूटभर सरळ शिवा आणि शेवटी चौकडे जुळतात का ते बघा. मग अडीच इंची तीन पट्ट्या पाव इंच शिलाईनं जोडा, इस्त्री करा, मोजा, साडेसहा इंच भरलं पाहिजे. एम्ब्रॉयडरी बघायची तर फूल काढून दाखवतील, फुलात सगळं लपतं, तुम्ही देवनागरीत नाव काढायला सांगा, डिझाइनची फाइल आपली न्या, ब्रदरला पीईएस लागते, जानोमेला जेईएफ. खाली स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारा थर) कमी पडला, हूप सैल बसला, दोऱ्याचं टेन्शन चुकलं, काहीही झालं तरी शिरोरेषा लगेच सांगते. ती लाटेसारखी आली किंवा अक्षरापासून सुटली तर थांबा आणि विचारा. आणि मशीनमध्ये आधीच भरलेल्या फाँट्समध्ये देवनागरी आहे का हेही तिथेच चालू करून बघा, नसेल तर प्रत्येक नाव डिजिटाइझ करावं, म्हणजे त्याची टाक्यांची फाइल बनवावी लागते आणि सॉफ्टवेअरचा खर्च वेगळा.

न्यू जर्सीच्या मशीनबद्दल कळकळीनं सांगते, कारण यात मी पोळलेय. तिकडे वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मीही एक कॉम्प्युटराइज्ड मशीन तिकडून आणवलं होतं, स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर नीट लावला, वर्ष-दीड वर्ष सुरेख चाललं आणि मग बोर्ड गेला. कंपनीच्या इथल्या सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं की हे मॉडेल इथलं नाही, वॉरंटी तिकडची, बोर्ड मागवता येणार नाही. पाच महिने ते मशीन कपाटात होतं, आणि भाचीच्या लग्नाची क्विल्ट अर्धी त्याच्या शेजारी घडी घालून. शेवटी ती मी साध्या जुन्या मशीनवर पूर्ण केली. तेव्हा मुलीला आजच फोन करून सांगा, मशीनच्या मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाच. १०० ते २४० असेल तर चालेल, नुसतं १२० असेल तर घेऊ नको, आणि दोन्हीत वॉरंटी भारतात चालते का ते लेखी विचार. त्यापेक्षा तिला चांगलं बॅटिंग, सुया आणि रोटरी कटरची पाती आणायला सांगा.

दुसऱ्या मशीनचा निर्णय महिनाभर पुढे ढकला असं मी म्हणेन. आधी प्लेट येऊ दे, मग त्याच तुमच्या कॉम्बोवर त्या अडीच इंची तीन पट्ट्या जोडा आणि टेप लावून किती भरतं ते मला इथेच लिहा, सव्वासहा आलं तरी लिहा. प्लेटनं कोपरे वाचले आणि माप साडेसहा आलं तर कदाचित तुम्हाला दुसरं मशीन नकोच असेल.