शिक्षा कशाची झाली, ते आधी विचारा

गेला पंधरवडा नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, सातपूरच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर आला, निफाडहून बहिणीनेही पाठवला. मजकूर असा: “एकदाही शिक्षा झालेल्या माणसाला कायद्याने दारूचा परवाना मिळूच शकत नाही. तरी शहरात गुन्हेगारांच्या नावावर परमिट रूम चालू आहेत. गुन्हा दाखल असलेल्या प्रत्येकाचा परवाना आजच्या आज रद्द करा, नाशिक आपोआप सुधारेल.”

मी वीस वर्षे नाशिकला वकिली करतो. परवान्याच्या प्रकरणांत परमिट रूमवाल्यांच्या बाजूने उभा राहिलोय आणि त्यांच्याविरुद्ध अर्ज घेऊन आलेल्या बायकांच्याही. मजकुरामागचा संताप खरा आहे. खाली परमिट रूम असलेल्या इमारतीत संध्याकाळी क्लासवरून परतणाऱ्या मुलीला जिना गाठेपर्यंत काय ऐकावे लागते, ते मी त्या मुलींच्या आयांकडून ऐकले आहे. म्हणूनच हे लिहितोय. चुकीच्या कायद्यावर उभा केलेला अर्ज पहिल्याच सुनावणीत कोसळतो, आणि मग त्या बायका दुसऱ्यांदा येत नाहीत.

“कायद्याने मिळूच शकत नाही.” असा कायदा नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम ५४ मध्ये परवाना रद्द किंवा निलंबित करण्याची कारणे आहेत. शुल्क थकवले, अटी मोडल्या, खोटी माहिती देऊन परवाना घेतला, ही त्यातली काही. शिक्षेचेही कारण आहे, पण ते मोजक्या शब्दांत बांधलेले. परवानाधारकाला किंवा त्याच्या नोकराला याच अधिनियमाखाली शिक्षा झाली, किंवा खुद्द परवानाधारकाला दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून मिळत नाही असा) गुन्ह्यात शिक्षा झाली, तर अधिकारी परवाना रद्द करू शकतो. (अमली पदार्थांसारख्या आणखी काही कायद्यांखालची शिक्षाही त्यात येते.) रद्द केलाच पाहिजे, असे तिथे लिहिलेले नाही.

आणि या मोजमापातून काय निघते पाहा. विशीत कुणी मोटारसायकल चोरली, शिक्षा भोगली, पुढे वीस वर्षे सरळ वागला. चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे तो कलमात सापडला. दुसऱ्याने बेफाम गाडी हाकून नाशिकच्याच द्वारका चौकात माणूस मारला आणि त्याला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल शिक्षा झाली. हे भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०४-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१). गुन्हा जामीनपात्र, म्हणजे तो कलमातून सुटला. बांधावरच्या भांडणात चुलतभावाचा हात मोडणाऱ्याचेही तेच. गंभीर दुखापतीचे जुने कलम ३२५ जामीनपात्र होते. जामीनपात्र कोण आणि अजामीनपात्र कोण, ही विभागणी आरोपीला कोठडीतून कसे सोडायचे यासाठी केलेली. दारूचे काउंटर कुणाच्या हाती द्यावे, याचे उत्तर तिच्यात शोधणे मला कधीच पटले नाही.

अर्थात सुटलेला पूर्ण सुटत नाही. कलम ५६ खाली इतर कुठल्याही कारणासाठी, किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन किंवा कारणे लेखी नोंदवून तत्काळ, परवाना रद्द करता येतो. अर्ज करणाऱ्यांनी हे कलम पाठ करावे. त्यात कारण मांडावे लागते, आणि मांडलेले कारण टिकते.

“गुन्हा दाखल असलेल्या प्रत्येकाचा.” यावर फार लिहायला नको. गुन्हा दाखल होणे म्हणजे तक्रार नोंदली जाणे. शिक्षा न्यायालय सुनावते. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीवरूनही गुन्हा दाखल होतो.

मजकुरात उघड न लिहिलेली, पण खाली दडलेली समजूत मला जास्त खुपते: एकदा डाग लागला की जन्मभर. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती आपण दरवर्षी विकत आणतो, देवघरात बसवतो, पोरांना कौतुकाने सांगतो. तोच माणूस बाहेर येऊन परवाना मागू लागला की आपल्याला फक्त त्याचा नंबर आठवतो. कायदा तरी इतका कठोर नाही. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचे कलम १२ सांगते की, समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. निवडणूक कायद्यातही दोन वर्षे वा अधिक शिक्षेनंतरची अपात्रता सुटकेपासून सहा वर्षांनी संपते. आमदारकीला मुदत आणि बिअर बारला जन्मठेप, हे कुठल्या न्यायाने?

पण काही शिक्षांना माझ्या लेखी मुदत नाही. बनावट दारू भरणारा, बाटल्यांत भेसळ करणारा, हातभट्टीचा माल खपवणारा, अल्पवयीन पोराच्या हातात बाटली देणारा. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉल मिसळणाऱ्याला ते विष आहे हे कळत नसते, असे कुणी सांगू नये. अशा माणसाने पुन्हा परवाना मागितला तर वर्षे मोजायची गरज नाही, कारण त्याचा गुन्हा याच धंद्यातला आहे. बायकांवर हात टाकल्याबद्दल शिक्षा झालेल्यालाही मी परमिट रूम देणार नाही. रात्री अकरा वाजता एखादी वेटर मुलगी किंवा ग्राहक बाई अडचणीत आली, तर तिने मदतीसाठी त्याच्याकडेच जायचे असते.

इथे काही व्यवसायबंधू म्हणतील की धंदा करणे हा मूलभूत हक्क आहे, तो नाकारणे म्हणजे दुसऱ्यांदा शिक्षा. तेही चूक. खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दारूच्या व्यापाराचा मूलभूत हक्क नाही. राज्याने परवानगी दिली तर मात्र ती मनमानीने देता येत नाही. एकासारख्या दुसऱ्याला वेगळा न्याय लावता येत नाही.

“रद्द करा, आपोआप सुधारेल.” हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करते. नाव बदलले जाते, हात तेच राहतात. परवाना बायकोच्या नावावर, मेव्हण्याच्या नावावर, गावाकडच्या चुलत्याच्या नावावर जातो. कागदावरची बाई कधी काउंटरची पायरी चढलेली नसते. सरसकट बंदीचा नियम जितका कडक, तितके हे उसने नाव महाग होते, एवढेच. परमिट रूममध्ये कोण काम करतो, हे ज्यावर लिहिलेले असते त्याला या धंद्यात नोकरनामा म्हणतात. त्यावर कुणाचे नाव आहे आणि प्रत्यक्षात गल्ल्यावर कोण बसतो, हे मी आजवर कुठल्याही फॉरवर्डमध्ये विचारलेले पाहिले नाही.

चार वर्षांपूर्वी एका कामगार वसाहतीतल्या सात-आठ जणी माझ्याकडे आल्या. तिथल्या परमिट रूमच्या मालकाला म्हणे जुनी शिक्षा होती. मी कागद काढले. पंधरा वर्षांपूर्वीची मारामारी, दंड भरून संपलेली. ते बाजूला ठेवा म्हटले, त्रास कोण देतो ते सांगा. त्यांनी तीन आठवडे वहीत लिहून ठेवले: तारीख, वेळ, गल्ल्यावर कोण, शटर किती वाजता खाली, नंतर मागच्या दाराने काय चालले. सुनावणीत मालकाच्या वकिलाने जुन्या शिक्षेवर उत्तर तयार करून आणले होते. आम्ही तो विषय काढलाच नाही. अधिकाऱ्यांनी वही चाळली आणि विचारले, रोज रात्री ज्याचे वर्णन या बायका करताहेत, त्या माणसाचे नाव नोकरनाम्यात आहे का?

नव्हते.