व्हीसीए म्हणजे नुसता व्हॉल्यूम नाही हो

"अ‍ॅनालॉग सिंथमधला (सिंथेसायझरमधला) व्हीसीए (व्होल्टेजने नियंत्रित होणारा अ‍ॅम्प्लिफायर) फक्त आवाज मोठा करतो, टोनशी त्याचा संबंध नाही" असं फिरतंय, ते चुकीचंय. ऑसिलेटर (मूळ सूर तयार करणारा भाग) बहुतेक सिंथमध्ये सतत चालूच असतो, की दाबा नाहीतर नका दाबू, व्हीसीए उलट त्याला अडवून धरतो आणि एन्व्हलप (की दाबल्यावर आवाज कसा चढेल-उतरेल ते ठरवणारा भाग) जसं व्होल्टेज देईल तसा सोडतो, म्हणून तोच सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी वेव्ह) कधी टिचकीसारखा तुटक तर कधी हळूहळू फुगत येणारा वाटतो. एलएफओने (संथ ऑसिलेटरने) व्हीसीए 5-6 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 5-6 वेळा हलवला की ट्रेमोलो, आवाज कमी-जास्त होत राहतो (व्हायब्रेटो नाही, त्यात पिच हलतो, इथेही लोक गंडतात). पण खरी मजा मॉड्युलेटर (व्हीसीएला हलवणारा सिग्नल) फास्ट केल्यावर, 440 हर्ट्झच्या साइन वेव्हला 100 हर्ट्झच्या साइनने हलवा, 340 आणि 540 असे मुळात नसलेले सूर निघतात! रिंग मॉड्युलेटरमध्ये (दोन सिग्नलचा थेट गुणाकार करणारं सर्किट) तर मूळ 440 च गायब.