तळ्यावर येताय? जरूर या

सोलापुरात रविवारी जायचं कुठं, हा तुमचा मोठा प्रश्न. सिद्धेश्वर तलावावर सगळे ओळखीचे भेटतात, हिप्परग्याचे फोटो टाकून झालेत, उजनी लांब पडते. मग तुम्हाला आमचं तळं सापडलं. १९७२च्या दुष्काळानंतर आजोबांनी स्वतःच्या रानात ओढा अडवून घातलेला १८ फुटी मातीचा बांध, सातबारा आमचा. पण मॅपवर कुणीतरी त्याला ‘सीक्रेट लेक’ नाव देऊन साडेचार स्टार टाकलेत, तेव्हा आमचं काय चालतंय! येणाऱ्यांच्या सोयीसाठी चार गोष्टी सांगतो.

गाडी खाली रस्त्यावर लावू नका. थेट बांधाच्या माथ्यावर आणा. ओल्या मातीत चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साठतं आणि आत मुरतं, असलं काहीतरी आम्ही शेतकरी बडबडत असतो.

चुलीला दगड हवेत ना? पाण्याच्या अंगाला ओळीनं पिचिंग केलंय, त्यातले उपसा. लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून लावलेत, पण कबाब महत्त्वाचे. उरलेले पाण्यात भिरकावा, कुणाचा लांब जातो बघा.

बाटल्या फोडूनच टाका. म्हशी तशाही अनवाणीच फिरतात.

‘सावलीची सोय नाही’ अशी एकानं तक्रार लिहिलीय. माफ करा. बांधावरची बाभळीची रोपं मीच दरवर्षी उपटतो. झाड वाढलं, मेलं, मूळ कुजलं की मातीत पोकळी राहते आणि पाण्याला आयती वाट मिळते. पुढच्या वेळी छत्री आणा.

बांधाच्या मागं पायथ्याला पाझर दिसेल. त्यात पाय सोडून रील करा. पाणी नितळ येतंय की गढूळ, हे रोज वाकून बघायचं काम आमचं. गढूळ आलं तर बांध पोटातून माती सोडतोय, आणि मग तुमच्या मागच्या सीनला जरा हालचाल येईल.

पोहता येत नसलं तरी उतरा. उन्हाळ्यात पोकलेन लावून गाळ काढला, तिथं गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट १० फुटांत पडतं. पाणी मातकट, तळ दिसत नाही आणि खालचा गाळ पाय धरतो. तिथं लाल रंगाची पाटी लावली होती. ती तुमच्या चुलीत गेली. लाकूड वाळलेलं होतं, चांगलं जळलं असेल.

आता सांडव्याबद्दल. बांधाच्या डाव्या अंगाला मोठी खाच आहे. आजोबा तेवढं बांधायचं विसरले असं वाटून गेल्या रविवारी तुम्ही ती बुजवलीत. जीप पलीकडं काढायची होती. आमच्या शेडमधली खताची रिकामी पोती घेतली, मुरूम भरला आणि दीड फूट थर रचला. मुरूम कुठला? बांधाच्या माथ्यावरचा! खोदून काढला, फूटभर. म्हणजे पाणी बाहेर पडायची वाट उचलून वर नेली आणि बांध खाली आणला. आजोबांनी दोन्हींत ४ फूट अंतर ठेवलं होतं. तुम्ही दीड ठेवलंत. इंजिनिअर आहे का कुणी तुमच्यात?

त्याच रात्री पाऊस झाला. १४ ऑक्टोबर २०२०चा पाऊस बघितलेला सोलापूरकर ढग गडगडले की झोपत नाही. दोन वाजता मी आणि धाकटा बॅटरी घेऊन गेलो, तर पोत्यांवरून वाहत असूनही पाणी तुमच्या खड्ड्याच्या चार बोटं खाली. पोती भिजून जागची हलेनात. विळ्यानं फाडली आणि मुरूम ओंजळीनं उपसला. तिसरं पोतं सुटलं तसा धारेला जोर आला, धाकट्याचा पाय घसरला. शर्टाची कॉलर हाताला लागली म्हणून आज तो आहे.

सिमेंटची भिंत वरून पाणी गेलं तरी काही वेळ तग धरते. मातीच्या बांधाची मागची बाजू खरवडत जाते, घळ पडते आणि घळ रुंदावायला वेळ लागत नाही. पानशेतसुद्धा मातीचंच होतं. १२ जुलै १९६१ला ते फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. २०१९ला रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं. खेकडे आमच्याकडंही रग्गड आहेत. फावडं घेऊन माथा खोदताना मात्र एकही दिसला नाही.

आणि अडवलं की म्हणता, ‘मालक, पाणी काय तुमच्या बापाचं हाय का?’ नाही. पाणी कुणाचंही असू दे. बांध आमचा आहे, फुटला तर दारात पोलीस माझ्या येणार. आणि ओढ्याच्या खाली नऊ घरांची वस्ती आहे. त्या रात्री तिथं माणसं झोपली होती, लहान पोरं झोपली होती, तुम्ही गाणी लावून सोलापूरला निघून गेलात. लाज वाटत नाही? शिकलेली माणसं ना तुम्ही? दुसऱ्याच्या रानात विचारून पाय ठेवायचा असतो एवढं घरी कुणी शिकवलं नाही?

तुमची लोखंडी शेगडी सांडव्यात सापडलीय, शेडमध्ये ठेवलीय. न्यायला या. दिवसाउजेडी या, आणि येताना फावडं घेऊन या. माथ्यावरचा तो खड्डा अजून तसाच आहे.