‘पाव घालणं ही हॉटेलवाल्यांची काटकसर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गास्पाचोच्या, म्हणजे टोमॅटोच्या गार स्पॅनिश सुपाच्या, कृतीखालची तुमची प्रतिक्रिया आधी इथे जशीच्या तशी देते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. ‘हा गास्पाचोच नाही. पाव घालून सूप दाट करणं ही हॉटेलवाल्यांची काटकसर. आम्ही बार्सिलोनाला प्यायलो त्यात पाव नव्हता. तुमच्या कृतीने केलं तर कडू झालं, लसूण उग्र लागला आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवण्यात जेवणाची वेळ टळली. लिहिण्याआधी एकदा स्पेनला जाऊन या, ताई.’ पुढे तीन हसरे चेहरे.

‘पाव कशाला?’ एवढंच विचारलं असतंत तर दोन ओळींत सांगून मोकळी झाले असते. टीकेचं मला वावडं नाही. जुने वाचक जाणतात, इथे माझ्या पुरणपोळीचीसुद्धा साल काढली गेली आहे. पण समोरच्याला काही ठाऊकच नसणार असं गृहीत धरायचं, वर तीन वेळा हसायचं, याला मी टीका म्हणत नाही. समोरासमोर बसून असं बोलला असतात का?

स्पेनला जाऊन येण्याबद्दल. मी दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियाला शिकायला होते. राहायला त्रियानात, ग्वादलकिविर नदीच्या पलीकडच्या काठाला, आणि घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर. तिथे जुलैत पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी रस्ते ओस, खिडक्यांच्या झडपा बंद, माणसं आत. त्या दिवसांत बाईंच्या फ्रिजच्या दारात गास्पाचोचा काचेचा जग कायम भरलेला असे. आम्ही मुली कॉलेजातून आलो की पेल्यातून, उभ्या उभ्याच प्यायचो. पाव आदल्या दिवशीचाच लागे. मी एकदा हौसेने ताजा आणून दिला तर तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि फडक्यात गुंडाळलेला शिळा तुकडा काढून पाण्यात भिजत घातला. बाईंनी आयुष्यात कधी हॉटेल चालवलं नाही. तेव्हा ही काटकसर हॉटेलवाल्यांची, हे ऐकून त्यांना काय वाटलं असतं ते मी इथे लिहीत नाही. त्या तोंडाच्या फटकळ होत्या.

काटकसर मात्र आहे. फक्त ती कोणाची, ते तुम्ही चुकीचं सांगितलंत. अंदालुसियात, म्हणजे सेव्हिया ज्यात येतं त्या दक्षिणेकडच्या प्रांतात, मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर आणि ऑलिव्हच्या बागांत राबणाऱ्या रोजंदारीच्या मजुरांकडे दुपारच्या वेळी काय असायचं? शिळा पाव, थोडं तेल, व्हिनेगर, मीठ, लसूण आणि पाणी. लाकडी पसरट भांड्यात लसूण-मीठ ठेचायचं, भिजवलेला पाव त्यात कुस्करायचा, तेल घोटून घोटून जिरवायचं, वर व्हिनेगर आणि गार पाणी. झाला गास्पाचो. टोमॅटोचा पत्ता नाही. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेल्या, कोलंबसच्या सफरींनंतर स्पेनमध्ये पोचलेल्या, आणि या भांड्यात शिरायला त्यांना त्यानंतरही बराच काळ लागला. (काकडी तर आपल्याकडून गेलेली. तिच्याबद्दल तुमची तक्रार नाही, हे एक बरं.) 1747 साली माद्रिदमध्ये छापलेल्या हुआन दे ला माताच्या पाककृतींच्या पुस्तकात गास्पाचो आहे. त्यात पावाच्या भाजलेल्या कडा पाण्यात भिजवायला सांगितल्या आहेत. सोबत लसूण, व्हिनेगर, मीठ, साखर, तेल आणि चक्क अँचोव्ही माशाचे काटे. लाल रंग कुठेही नाही. म्हणजे अस्सल काय ते शोधायला निघालात तर हाती पाव लागतो, आणि काढून टाकायचा ठरलाच तर तुमचा लाडका टोमॅटो!

पाव तिथे नुसता पोट भरायला नसतो. तेल आणि भाज्यांचं पाणी आपणहून एकत्र नांदत नाहीत. थोडा वेळ जग ठेवून दिला की वेगळे होऊ लागतात. पाव त्यांना धरून ठेवतो. आपण कढीला बेसन लावतो ते ताक फुटू नये म्हणून, आणि त्याला अजून तरी कोणी काटकसर म्हटल्याचं ऐकिवात नाही. एक किलो टोमॅटोला मी 80 ग्रॅम पाव सांगितला होता. आता अंदालुसियातल्याच कोर्दोबाला जा. तिथल्या साल्मोरेखोत, म्हणजे गास्पाचोच्या दाट भावंडात, किलोभर टोमॅटोला साधारण 200 ग्रॅम पाव पडतो, काकडी-मिरची काहीच नाही, वरून उकडलेलं अंडं आणि हामोनचे (खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे) बारीक तुकडे. तो पीत नाहीत, चमच्याने खातात, इतका दाट. अख्खं शहर हॉटेलवाल्यांचं म्हणायचं का मग?

आता तुमचा पुरावा. ‘बार्सिलोनाला प्यायलो त्यात पाव नव्हता.’ बार्सिलोना स्पेनच्या ईशान्येला, कातालोनिया प्रांतात, सेव्हियापासून रस्त्याने 1000 किलोमीटरच्या घरात. टूरमधल्या एका जेवणावरून अंदालुसियाच्या घराघरांतल्या पदार्थाचा निकाल लावायचा, आणि अभ्यास करून या असं मला सांगायचं! शिवाय पाव नव्हता हे तुम्हाला समजलं कसं? मिक्सरमधून काढून गाळलेल्या सुपात तो तरंगत नसतो. वेटरला विचारलंत की डोळ्यांनी पाहिलंत, ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. आजकाल पाव न घालणारी घरंही स्पेनमध्ये पुष्कळ आहेत, नाही म्हणत नाही. त्यांनी खुशाल तसा करावा. पण त्यांच्यातलं कोणी पाव घालणाऱ्याला भेसळखोर ठरवत नाही.

बरं, कडूपणाचं. तेल सगळ्यात शेवटी, बारीक धारेने घालायचं हे मी लिहिलं होतं. मिक्सर किती वेळ फिरवायचा ते लिहिलं नव्हतं. एवढं मान्य. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल पात्यांखाली जोरात आणि फार वेळ फिरलं की कडवट लागतं. तेव्हा भाज्या, पाव, मीठ आणि व्हिनेगर आधी अगदी गुळगुळीत वाटून गाळून घ्या, मग तेल कमी वेगावर, रंग लालाचा केशरी होईपर्यंतच. कृतीत तशी ओळ वाढवली आहे. तुमचं नाव द्यायचं होतं, पण ‘अनामिक’चे आभार कसे मानणार?

लसूण कमी घाला. मी एक पाकळी लिहिली होती. तुमच्याकडची गावठी, झणझणीत असेल तर अर्धी घाला, नाहीतर वगळा.

चार तासांबद्दल मात्र काय बोलावं. गार सूप गार व्हायला वेळ लागतो. सकाळी करून ठेवायचं. घाईत बर्फ टाकलात तर पाणचट होईल आणि त्याचीही प्रतिक्रिया मलाच येईल. गार पदार्थात मीठ आणि आंबट दोन्ही जिभेला कमी लागतं, म्हणून चव शेवटी, गार झाल्यावर पुन्हा बघायची. हे मूळ लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत पोचला असतात तर निम्मी प्रतिक्रिया वाचली असती, तुमचीही आणि माझीही.

आणखी एकाने त्याच धाग्यात ‘म्हणजे हे टोमॅटोचं गार सारच की’ असं लिहिलं आहे, आणि त्याला तुम्ही अंगठा दिला आहे. सार उकळतात, त्याला फोडणी असते. यात काहीच शिजत नाही. यावर याहून जास्त लिहायची माझी तयारी नाही.

पुढच्या आठवड्यात अंदालुसियातल्याच मालागाचं आखोब्लांको हे गार सूप देणार आहे: बदाम, लसूण, तेल, व्हिनेगर, गार पाणी, वरून द्राक्षं. आधीच सांगून ठेवते, त्यात टोमॅटो नाही आणि पाव आहे. हसरे चेहरे आत्ताच टाकून ठेवलेत तरी चालेल.