नेपियरला मक्याचा नियम चालत नाही
मुरघासावरच्या (हिरवा चारा कुट्टी करून, हवाबंद आंबवून टिकवायचा) लेखात मक्याचा मुरघास छान समजावलाय, पण नेपियर या उंच वाढणाऱ्या चाऱ्याच्या गवताला 'तसंच करा' एवढ्यावर गुंडाळलं, ते पटलं नाही. नेपियरच्या फुले जयवंतसारख्या वाणात पाणी जास्त, साखर कमी. कापल्या कापल्या कुट्टी (बारीक तुकडे) करून मुरघासाची बॅग भरली की खालून पाणी सुटतं, आंबूस वासाऐवजी कुजका वास येतो आणि जनावर तोंड लावत नाही. पन्नासेक दिवसांचं गवत कापून आधी दिवसभर उन्हात सुकू द्या. मग कुट्टी मुठीत दाबून बघा: हात ओला न होता गोळा हळूहळू उलगडला तर भरायला घ्या. टनाला वीसेक किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडा. तुडवण्यात कंजुषी नको, हवा राहिली की बुरशी आलीच. आणि टनेज वाढावं म्हणून गवत पुरुषभर वाढू दिलंत तर दांडे जाड होतात, गव्हाणीत शेवटी तेवढेच उरतात.