‘४० दिवसांत शुगर मुळापासून बरी’ ह्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

आमच्या सांगलीत सध्या बहुतेक प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मग तो सोसायटीचा ग्रुप असो, दहावीच्या बॅचचा असो नाहीतर भावकीचा. मजकूर थोडक्यात असा: मेथीदाणे, जांभळाच्या बिया, सुकवलेलं कारलं, कडुनिंब, गुडमार आणि गुळवेल सारख्या मापानं घेऊन चूर्ण करा, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा घ्या, ४० दिवसांत शुगर मुळापासून जाते. गोळ्या बंद करा, त्याच किडनी घालवतात. वनस्पती आहेत त्यामुळं साइड इफेक्ट शून्य. आपल्या आजोबांना कुठं होती शुगर? डॉक्टर आणि कंपन्या हे तुमच्यापासून लपवतात. दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल. खाली रिपोर्टचा फोटो, आधी ३१० नंतर ९८, आणि तयार डबा पाहिजे असेल तर मोबाइल नंबर.

मी विश्रामबागेत मेडिकल चालवतो, रोज कुणी ना कुणी काउंटरवर मोबाइल पुढं करून हेच विचारतं म्हणून एकदाच नीट लिहितोय. मेथी-कारल्याशी माझं काही भांडण नाही, खा की खुशाल. माझा राग आहे तो "गोळ्या बंद करा" ह्या एका ओळीवर, कारण चूर्णाचे जे धोके आहेत ते पुढं सांगतोच, पण ही ओळ माणूस अधू करते.

आधी तो रिपोर्ट. त्यावर नाव नाही, तारीख नाही, उपाशीपोटीची शुगर की जेवणानंतरची तेपण नाही. ३१० जेवणानंतरची आणि ९८ सकाळी उपाशीपोटीची असेल तर तुलना कशाची करताय? शुगर खरंच आटोक्यात आली का हे बघायला एचबीए१सी करतात, आपल्याकडं ज्याला तीन महिन्यांची शुगर म्हणतात ती. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना जेवढी साखर चिकटली त्यावरून सरासरी कळते, म्हणजे ४० दिवसांत "मुळापासून गेली" हे सांगायला ही तपासणीसुद्धा पुरी पडत नाही. शिवाय चूर्ण सुरू करणारा माणूस त्याच आठवड्यात चहातली साखर सोडतो, पहाटे चालायला जायला लागतो, रात्रीचा भात कमी करतो, आणि शुगर खाली आली की श्रेय सगळं डब्याला.

मुळापासून जाते का? टाइप २ मधुमेहात, म्हणजे मोठ्या माणसांत सर्रास दिसतो त्या प्रकारात, गोळ्यांशिवाय शुगर नॉर्मल राहणं शक्य आहे, हे मी नाकारत नाही. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, त्यात लोकांना ठरावीक कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवून भरपूर वजन उतरवलं, आणि वर्षाच्या शेवटी जवळपास ४६ टक्के लोक विनागोळी नॉर्मलच्या जवळ होते. दुसऱ्या वर्षी तो आकडा ३६ टक्क्यांवर आला. हे सगळे गेल्या सहा वर्षांतच निदान झालेले होते, कुणीही इन्सुलिनवर नव्हतं, डॉक्टर-नर्सची देखरेख होती, आणि तरीही निम्म्याहून जास्त लोकांना ते जमलं नाही. ह्याला डॉक्टर बरं होणं म्हणत नाहीत, वजन परत वाढलं की शुगर परत येते. चमचाभर चूर्णानं वजन उतरत नाही.

आता किडनीचा मुद्दा, जो ऐकून लोक सगळ्यात जास्त घाबरतात. मेटफॉर्मिननं, म्हणजे शुगरसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळीनं, किडनी खराब होत नाही. किडनी मुळात वाढलेल्या शुगरनं आणि बीपीनं खराब होते, वर्षानुवर्षं, न दुखता. मग हा समज आला कुठून? किडनीचं काम फार कमी झालं की मेटफॉर्मिन शरीराबाहेर टाकलं जात नाही, साठत जातं, म्हणून डॉक्टर त्या टप्प्याला ती गोळी बंद करतात. घरच्यांना दिसतं काय, तर किडनी गेली आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन थांबवलं, म्हणजे त्यानंच गेली असणार. शेजारीपाजारी तेच सांगतात आणि तिथून ते मेसेजमध्ये जातं. भीती वाटत असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तपासून घ्या, तेवढ्यात कळतं.

आमच्याकडं तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार येतात, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. एका सकाळी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "एवढी परत घेतोस का रं? मी आता चूर्ण चालू केलंय, एकदम हलकं वाटतंय." मी म्हणलं तात्या, हलकं वाटणं वेगळं आणि शुगर कमी असणं वेगळं, निदान तपासून तरी घ्या, पण त्यांना मेसेजवर जास्त भरवसा. काही महिन्यांनी त्यांचा मुलगा ड्रेसिंगचं सामान न्यायला आला. बागेतल्या मांडवाच्या तारेचा बारका तुकडा चपलेतून अंगठ्यात घुसलेला, आणि तात्यांना दोन दिवस पत्ताच नव्हता. मोजा काढला तेव्हा तो ओला लागला म्हणून बघितलं. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, तात्यांच्या आधीपासूनच होत आलेल्या असणार, त्यात हे महिने बिनगोळीचे गेले आणि वाढलेल्या शुगरनं जखम भरेना. मिरजेला नेऊन अंगठा काढावा लागला. हा माणूस त्या आधीच्या सगळ्या काळात "मला काहीच त्रास नाही" म्हणत होता आणि खरंच नव्हता. अडीचशे-तीनशे शुगर दुखत नाही हो, हेच तर सगळ्यात वाईट आहे तिचं.

"वनस्पती आहे म्हणून साइड इफेक्ट नाही" ह्यावर. धोतरापण वनस्पतीच आहे. कारल्याचा रस आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी दोन्ही एकदम चालू असेल तर शुगर खाली कोसळू शकते, घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी. गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण नोंदवले, आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, तो वाद आहे, पण ज्याचं लिव्हर आधीच नाजूक आहे त्यानं विचारल्याशिवाय घेऊ नये एवढं तर कळतं. कारल्याबद्दल झालेले अभ्यास २०१२ मध्ये कॉक्रेन ह्या औषधांचे पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या लोकांनी एकत्र तपासले, टाइप २ मधुमेहात कारलं घ्या असं सांगण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. मेथीत धागा असतो त्यानं जेवणानंतरची साखर थोडी हळू चढते, छान आहे, पण ती औषधाच्या जोडीला.

गुडमारचं बघण्यासारखं आहे. पान चावून मग कंदी पेढा तोंडात टाका, गोडपणा गायब, नुसता खवा लागतो. त्या पानातली द्रव्यं जिभेवरची गोड चव काही वेळ बंद पाडतात. विकणारे हाच प्रयोग गिऱ्हाइकाला करून दाखवतात आणि सांगतात बघा साखर मेली. जिभेवर गोड लागलं नाही म्हणून पेढ्यातली साखर कुठं गेली नाही, ती पोटात गेली आणि तिथून रक्तात.

आणि एखाद्या चूर्णानं खरोखरच आठवड्यात शुगर धाडकन खाली आणली तर खूश होऊ नका, सावध व्हा. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, "संपूर्ण नैसर्गिक" म्हणून विकलेल्या शुगरच्या उत्पादनांत ग्लायब्युराइड, मेटफॉर्मिन ही शुगरचीच औषधं आणि फेनफॉर्मिनसुद्धा न सांगता मिसळलेलं पकडलंय. फेनफॉर्मिन म्हणजे रक्तात आम्ल साठवून जीव घेतं म्हणून कधीच बंद झालेलं औषध. म्हणजे ज्या गोळ्या सोडल्या म्हणून माणूस समाधानात आहे त्याच गोळ्या, किती मात्रेत हे न कळता, पोटात जातायत.

मेसेजमधल्या नंबरवरून आलेला डबा एका ताईंनी मला दाखवायला आणला होता. पुढच्या बाजूला डॉक्टरच्या कोटातला माणूस, मागं १४ आकडी एफएसएसएआय नंबर आणि अगदी बारीक अक्षरात "फूड सप्लिमेंट". बॅच नंबर नाही, कुठली वनस्पती किती हे नाही. ताई म्हणाल्या सरकारी नंबर आहे की. आहे, पण तो खाद्यपदार्थाच्या परवान्याचा, फरसाणाच्या पाकिटावर असतो तोच. ह्या डब्यानं शुगर उतरते हे कुणी तपासलंय असा त्याचा अर्थ होत नाही. आयुर्वेदिक औषधाला औषध म्हणून बनवायचा वेगळा परवाना लागतो. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणंच १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे.

आजोबांचं राहिलं. आजोबांच्या काळात तपासत कोण होतं? आणि मधुमेह हा शब्दच आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांतला, लघवीला मुंग्या लागतात हे वैद्यांना तेव्हाही माहीत होतं. वाढलाय हे मात्र खरं, २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक काठावर. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आयुष्यभर हेच मांडत आलेत की आपला माणूस बारीक दिसतो पण आत चरबी जास्त असते, त्यांनी एका ब्रिटिश डॉक्टरबरोबर स्वतःचंच माप छापलं, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३, पण त्या डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि ह्यांच्या २१.२. त्यात आजोबा मळ्यात चालत जायचे, आपण मळ्यात गाडीवरून जातो.

कंपन्या वनस्पती लपवतात म्हणे. अहो मेटफॉर्मिनच एका वनस्पतीच्या अभ्यासातून आलंय, युरोपातली गॅलेगा, त्यातल्या द्रव्यावरून पुढं हे औषध बनलं आणि १९५७ मध्ये झाँ स्टर्न ह्या फ्रेंच डॉक्टरनं ते माणसांत वापरून छापलं. लघवीवाटे साखर काढणाऱ्या नव्या गोळ्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या द्रव्यात आहे. जे झाडात कामाचं सापडलं ते मोजून, मात्रा ठरवून गोळीत आणलं. मेटफॉर्मिनची साधी गोळी दोन-तीन रुपयांना पडते, जेनेरिकमध्ये त्याहून कमी. डबा साडेसातशेला होता.

शेवटचा मुद्दा मेसेजमधल्या ‘पुण्य लागेल’ ह्या ओळीचा. दहा जणांना पाठवलं की त्यातला एखादा टाइप १ चा मुलगा असतो नाहीतर त्याची आई असते. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही, इथं वजन उतरवून किंवा चूर्ण खाऊन काहीही होत नाही. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याच्या आधी अशी मुलं जगतच नव्हती. इन्सुलिनची सवय लागते म्हणून कुणी ते थांबवलं तर दोन-चार दिवसांत, कधी त्याच्याही आत, उलट्या, पोटात दुखणं, खूप तहान, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, अशी लक्षणं सुरू होतात. असं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या आणि इन्सुलिन कधीपासून बंद आहे ते पहिल्यांदा सांगा. चूर्ण दिलं असेल तर डबा बरोबर घेऊन जा.